गप्प बसा म्हटलं होतं!

म्युनिकहून प्रागला जाणारी गाडी जर्मनीची सीमा ओलांडून चेक देशात शिरली की डोमाझ्लित्सेला थांबते. उतरणारे थोडेच. बाकीच्यांना प्राग गाठायचं असतं, आणि प्रागला जाऊन सगळे जे बघतात तेच बघायचं असतं. बघू देत बापडे. डोमाझ्लित्से हे खोदस्को नावाच्या जुन्या मुलखाचं मुख्य गाव. एकच लांबलचक चौक, दोन्ही अंगांना कमानींच्या ओसऱ्या, आणि मध्येच चर्चचा 56 मीटर उंचीचा गोल मनोरा, चांगला डोळ्यांना कळेल इतका कललेला. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र त्याच्या कललेल्या बाजूला उभं राहून कॉफी पिताना उगाच वर बघावंसं वाटायचं.

मुलूख म्हणजे तरी किती? बव्हेरियाच्या सीमेला खेटून, चेर्खोव्ह डोंगराच्या पायथ्याशी पसरलेली अकरा जुनी गावं. ऊयेज्द, द्राझेनोव्ह, क्लेन्ची, पोस्त्शेकोव्ह वगैरे. सायकल असेल तर दोन-तीन गावं दुपारच्या जेवणाआधी होतात. या गावांमध्ये राहणारे ते खोद. त्यांचं काम जंगलातली सरहद्द राखायचं. वाटा अडवायच्या, चोरटे पकडायचे, गरज पडली तर झाडं तोडून रस्ताच बंद करायचा. बदल्यात राजाकडून सनदा. लक्झेंबर्ग घराण्यातल्या राजा यानने 1325 मध्ये दिलेली सनद प्रसिद्ध आहे. वेठबिगारी नाही, मधला कुणी जमीनदार नाही, थेट राजाची माणसं. शस्त्र बाळगायची मुभा, स्वतःचा न्यायनिवाडा. वतनदाराची ऐट काय असते हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण सनद देणारा बदलला की सनदेचा कागद होतो. 1620 मध्ये प्रागजवळ बिला होरा इथं बोहेमियाच्या, म्हणजे चेक मुलखाच्या, बंडखोर सरदारांचा पराभव झाला, व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याची पकड घट्ट झाली आणि दहा वर्षांत हा सगळा मुलूख लामिंगर नावाच्या सरदाराला विकून टाकण्यात आला. माणसांसकट. आता खोद वेठीला! त्यांनी अर्ज केले, फिर्यादी केल्या, पुन्हा अर्ज केले. शेवटी वैतागून 1668 मध्ये वरून निकाल आला, आणि तो मला फार आवडतो. तुमचे हक्क संपले, एवढं म्हणून तो थांबत नाही. या विषयावर खोदांनी ‘कायमचं मौन’ पाळावं, असा लॅटिनमध्ये रीतसर हुकूम आहे. म्हणजे गप्प बसा. आज, उद्या, नातवंडांनीसुद्धा.

असा हुकूम ज्याने काढला तो या लोकांच्या लग्नाला कधी गेला नसावा.

गप्प बसले नाहीतच. 1692 मध्ये थेट व्हिएन्नाला बादशहाकडे माणसं गेली, मग शेतकऱ्यांचं बंड झालं, मग सैन्य आलं. खोदांचा एक पुढारी, ऊयेज्द गावचा यान स्लाडकी, ज्याला घराच्या नावावरून कोझिना म्हणत, त्याला 28 नोव्हेंबर 1695 ला प्लझेनमध्ये फाशी दिलं. दंतकथा अशी की फासाखाली उभं राहून त्याने लामिंगर घराण्यातल्या तेव्हाच्या जमीनदाराला हाक मारली, वर्ष आणि एका दिवसाच्या आत देवाच्या न्यायासनापुढे भेटू म्हणून. जमीनदार पुढच्याच नोव्हेंबरात मेला. हाक खरी की नंतर जोडलेली, यावर इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. तारखा मात्र खोदांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

कोझिनाचं घर ऊयेज्दमध्ये आजही दाखवतात आणि गावावरच्या टेकडीवर 1895 मध्ये उभारलेला त्याचा पुतळा आहे. सगळीकडे कुत्र्याच्या डोक्याचं चिन्ह दिसतं: पाट्यांवर, कपांवर, बिअरच्या पेल्याखालच्या चकत्यांवर. ही पूर्वापार निशाणी असावी असं वाटतं. पण तिचा एवढा बोलबाला झाला तो चेक लेखक आलोइस यिरासेक यांच्या खोदांवरच्या 1884 च्या कादंबरीमुळे. कादंबरीतून आलेली निशाणी गावाने आपली म्हणून लावली. लावू दे की, शोभते.

आता कोलाच, म्हणजे वर सारण घालून भाजलेला इथला गोड पदार्थ. दुकानात छोटे मिळतात, पण खरा खोदी कोलाच थाळीएवढा मोठा, पातळ, लग्नाघरी करायचा. वर तीन सारणं: पांढरं ताज्या चीजचं, काळपट तांबूस आलुबुखारच्या घट्ट मुरांब्याचं, आणि काळंभोर खसखशीचं. चेक खसखस निळसर करडी असते. अनारशावरची पांढरी खसखस डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला पहिल्यांदा ती जळलीय की काय असंच वाटतं. गंमत सारणापेक्षा मांडणीत. बाई एका रंगावर दुसऱ्या रंगाचे ठिपके, मग नागमोडी वळणं, मग पाकळ्या असं भराभर सोडत जाते. हाताखाली कागद नाही, खूण नाही. वर बेदाणे, बदाम. बोटांवरचं सारण पुसायलासुद्धा ती थांबत नाही. मी विचारलं, नक्षी कुणी शिकवली? तिने हातातली सारणाची पिशवी खाली न ठेवता खांदे उडवले आणि पुढचा कोलाच ओढला.

ऑगस्टमध्ये, संत लॉरेन्सच्या सणाच्या सुमारास, डोमाझ्लित्सेत खोदांची जत्रा भरते. लाल मोजे, भरजरी रुमाल, घेरदार घागरे, आणि दुदी. दुदी म्हणजे इथला बॅगपाइप, पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य. पुढे कोरलेलं बोकडाचं डोकं, शिंगांसकट, आणि एक जाड नळी खांद्यावरून मागे पाठीवर सोडलेली, तिच्यातून एकच खर्ज अखंड घुमत राहतो. सोबतीला व्हायोलिन आणि किंचाळ्या आवाजाची छोटी क्लॅरिनेट. यात एक खुबी आहे. स्कॉटिश वादक तोंडाने हवा भरतो. खोद वादक कोपराखालच्या भात्याने भरतो. त्यामुळे त्याचं तोंड मोकळं. तो वाजवता वाजवता गातो, मध्येच समोरच्या बाईची टर उडवतो, ती उलट उत्तर गाऊन देते, आणि सगळं टेबल तिच्या बाजूने ओरडतं. रात्री अकराला मी खोलीची खिडकी लावून घेतली. काही फरक पडला नाही.