काट्यावरचे पाळकसाहेब

यवतमाळ जिल्ह्यात माझी छोटी दालमिल आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा पगार पूर्वी बाहेरच्या एका संस्थेकडून यायचा. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला, असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं आणि पगार थांबला. दानपेटीचं काय, कापूस-सोयाबीन विकलं गेलं तर भरते, नाही तर नाही. म्हणून मी त्यांना मिलवर घेतलं. सकाळी काट्यावर नोंद, दुपारनंतर सेवा.

तुरीचं काम किचकट. चाळायची, एमरीच्या रोलरवर ओरखडून घ्यायची, तेल-पाणी लावून उन्हात वाळवायची, तेव्हा कुठे टरफल सुटतं. ओली तूर रोलरखाली चेचते, चुनी म्हणजे तुकडा-भुसा वाढतो, डाळ घटते आणि तोटा थेट आमच्या अंगावर येतो. म्हणून ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कटती लागते, म्हणजे पैशांत कपात. शेतकऱ्यांना ती लूटच वाटते.

त्या दिवशी मंडळीतलेच एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. परखी मारून दाणे काढले, मीटरने १४ दाखवले. काका माझ्याशी बोललेच नाहीत.

"पाळकसाहेब, तुमी सांगा. वली हाये का हे तूर?"

साहेबांनी एक दाणा दाताखाली धरला. तो कडकन फुटला नाही, दबला. "ओली आहे, काका," ते म्हणाले.

"मालकाचंच मीटर, अन् मालकाचेच पाळक," म्हणत काकांनी ट्रॅक्टर वळवला. तेव्हापासून ते उपासनेला येत नाहीत.

साहेब खरं बोलले. पण माझ्या पगारावर असलेल्या माणसाचं खरं कोण मानणार? उद्या माझ्याच वागण्यावर त्यांना बोलायचं असेल, तर त्यांनी वेदीवरून कसं बोलावं? प्रेषित पौल तंबू करून पोट भरायचा, हे दर उपदेशात ऐकतो. पण तोच पौल मासेदोनियातून आलेली मदत घ्यायचा आणि करिंथात असताना करिंथकरांवर आपला भार टाकत नव्हता, हे आम्हा देणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

मी पंचांपुढे मांडलंय: मिलचा पगार बंद, तेवढी रक्कम मी चेकने मंडळीच्या खात्यात भरतो, मानधन तुम्ही ठरवा. दोघांना पटत नाही. "मग बाकीचे दशमांश, कमाईचा दहावा हिस्सा, देणंच सोडतील," म्हणतात. भीती खोटी नाही. तरी पुढच्या बैठकीत हाच विषय पुन्हा घेणार आहे. त्याआधी काकांकडे जाऊन येतो, एकटाच.