अखेर जोडाक्षरं जुळली!

मंडळी, कोबोच्या लिब्रा 2 या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावर कोरीडर हे वाचनाचं ॲप चढवलं आणि मराठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) वाचवेना, इथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. तीन आठवडे त्यातच गेले. काल रात्री सुटलं.

'स्थिती' हा शब्द 'स्', मग सुटा 'थ', मग भलतीकडेच उभी पहिली वेलांटी असा दिसायचा. फाइल मराठी विकिस्रोतावरून उतरवलेली, संगणकावरच्या कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्राममध्ये झकास दिसणारी. म्हणून आधी फॉन्टवर संशय घेतला. पाच बदलले. मग कोरीडर काढून पुन्हा टाकलं, पण सेटिंग तेवढी जुनीच ठेवली, आणि दुखणं नेमकं तिथं होतं. पानं झटपट उलटावीत म्हणून पहिल्याच दिवशी मी कर्निंग, म्हणजे अक्षरं जुळवायची सेटिंग, 'फास्ट' केलं होतं. देवनागरी अक्षरं नीट जुळवायला हार्फबझ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीनं लागतं, आणि ते फक्त 'बेस्ट'वर मिळतं. मधलं 'गुड' हार्फबझच वापरतं, तरी आपल्या लिपीला पुरत नाही. बदललं आणि 'स्थिती' एकसंध! बाहेर धो धो पाऊस, घर झोपलेलं, आणि मी 'ज्येष्ठ', 'उद्ध्वस्त' शोधून शोधून बघत होतो.

त्याच झटक्यात तिरो देवनागरी मराठी फॉन्ट टाकला. पाकळीचा ल, देठाचा श. लई भारी वाटलं.

आता पीडीएफ. एका जुन्या दिवाळी अंकातला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा येतो, कारण फॉन्ट युनिकोडपूर्व काळातला, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला. कॅलिबरनं ईपब केली तरी तोच कचरा. अशी पानं आहेत तशीच वाचता यावीत म्हणून 10 इंची यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. पण काल चार पानांची चित्रं करून चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला, मराठी भाषा निवडून, दिली. अनुस्वार काही ठिकाणी गळले, बाकी मजकूर वाचण्याजोगा. त्यामुळे मोठ्या यंत्राची खरेदी थांबवतोय.

नवीन घेणाऱ्यांना माझं मत: स्क्रीनच्या आधी पुस्तक आत कसं जातं ते बघा. किंडलवर विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं चढवायची सोय फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. मला केबल लावून फाइल टाकता आली पाहिजे. कागदी पुस्तकांना कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच.

लिहिता लिहिता सुचलं: कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर ओपीडीएस, म्हणजे नेटवर्कवरून पुस्तकं उतरवता येणारी यादी, देतो आणि कोरीडर ती उघडतं. मग केबल तरी कशाला? रविवारी घरच्या वायफायवर लावून बघतो. अंकाची उरलेली पानं त्यानंतर.