भिंतीतला एकच सक्शन पॉइंट

माझी ड्यूटी सर्जरी वॉर्डाच्या ड्रेसिंगला. नातेवाइकांना अजून वाटतं, जखम उघडी ठेवली की सुकते आणि बरी होते. ओलसर राखलेली जखम लवकर भरते हे विंटर नावाच्या संशोधकाने 1962 मध्येच दाखवलं, पण आमचे काही सीनियरसुद्धा रोज बेटाडीन ओतल्याशिवाय राउंड संपवत नाहीत.

वॉर्डातल्या मामांना जुनी शुगर. बोटांच्या बेचक्यात बाभळीचा काटा मोडला, तरी आठ दिवस पत्ता नाही. पाय बधिरच होता. सरांनी ऑपरेशन थिएटरमध्ये सडलेलं सगळं काढलं, तेव्हा पावलावर तळहाताएवढी जखम उरली. रक्तपुरवठा चांगला होता, म्हणून व्हॅक, म्हणजे जखम फोमने झाकून सतत सक्शनवर ठेवणारं ड्रेसिंग, लावायचं ठरलं.

तयार मशीन आमच्याकडे नाही. जुगाड करतो, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. ऑटोक्लेव्ह केलेला फोम जखमेच्या मापानेच कापायचा. कडेच्या चांगल्या कातडीवर आला तर ती भिजून पांढरी पडते. त्यात रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घालायच्या नळीचं) भोकांचं टोक, वर चिकट फिल्म, दुसरं टोक भिंतीच्या सक्शनला. सक्शनच्या मीटरचा काटा 125 वर आला की फोम खारकेसारखा आक्रसतो. बारीक 'स्स्स' ऐकू आलं तर कान लावून गळती शोधायची.

चौथ्या वेळी फोम काढला, तर तळ डाळिंबासारखा लाल, दाणेदार. ग्राफ्टची, म्हणजे जखमेवर कातडी लावायची, तारीख मिळाली.

आदल्या सकाळी पाहतो तर फोम फुगलेला, नळी लोंबतेय. नाइटच्या सिस्टरवर मी खेकसलोच.

"शेजारच्या आजोबांच्या घशात एक वाजता कफ अडकला. दोन खाटांत चालू पॉइंट एकच. त्यांचा श्वास बघू की ह्यांचं पाऊल?"

आजोबा बशीतून चहा पीत होते.

फिल्म उचलली. हिरवट पू, तो ओळखीचा गोडसर वास. स्यूडोमोनास जंतू, पुवाच्या कल्चर तपासणीने नंतर तेच सांगितलं. ग्राफ्ट लांबणीवर पडला.

सक्शन दोन तासांहून जास्त बंद राहिलं, तर फोम काढून साधं ड्रेसिंग करायचं असतं. नाहीतर फिल्मखाली घाण कोंडते. चाळीस पेशंटला एकट्या असलेल्या तिला हे कुणी सांगितलं होतं? मी नाही. चार्टवर मी फक्त 'व्हॅक केलं' एवढंच लिहीत आलो.

तिच्या जागी असतो तर नळी मीही काढली असती. पण सकाळपर्यंत ते सहा तास कुणाच्या खात्यावर मांडायचे?

बारा दिवसांनी मांडीची कातडी लावली, धरली. आता व्हॅकच्या खाटेवर स्केचपेनने लिहिलेला कागद लावतो. दुसऱ्या पॉइंटसाठी मागणीपत्र दिलंय. माणूस येऊन बघून गेलाय.