आईचं कार्ड

गुरुवार, रात्री साडेदहा

आज आईच्या पीएफचा फॉर्म भरला. 31 वर्षं बिड्या वळून ती आता थांबतेय. ट्रंकेतून तिने बिडी कामगाराचं कार्ड काढलं, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. सही करताना तिचा अंगठा बघत राहिले. बिडीचं तोंड मुडपून मुडपून नखाचा कोपरा पार झिजलाय.

लहानपणी मी तिच्यासोबत घरी वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात जायचे. टोपलीत पंचवीस-पंचवीसचे कट्टे. तपासणारा मूठभर बिड्या उचलायचा, दाबून बघायचा, सैल वाटल्या की बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत. आई तिथे काही बोलायची नाही. घरी येताना माझा हात मात्र फार घट्ट धरायची.

युनियनच्या ताईंनी आज सांगितलं, 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच गोष्टीवर बोट ठेवलं. माल नापास करायचा हक्क मालकाकडे आहे ना, मग घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्याचीच कामगार, तिला पीएफ द्यायलाच हवा. ऐकून मला भरून आलं. ज्या फेकलेल्या बिड्यांसाठी आई रडायची, त्यांनीच तिला कामगार ठरवलं.

ते काम चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. तंबाखूच्या धुळीने तिची अर्धी रात्र खोकण्यात जाते. पण तिच्या कष्टाची कुठेतरी नोंद आहे. सोलापूरच्या बिडीवाल्या बायका लढल्या, म्हणून 2006 मध्ये कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. आमचं घर त्यातलंच.

आणि मी? कार्यालयात डेटा एन्ट्री, डोक्यावर पंखा, गळ्यात ओळखपत्र. नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. सहा वर्षांत तीन ठेकेदार बदलले, माझं टेबल तेच. नेमणुकीचं पत्र एकदाही मिळालं नाही. पीएफ दरमहा कापतात, पासबुकात सात महिने जमाच नाही. काम मला मनापासून आवडतं. एखाद्या आजीचं चुकलेलं नाव दुरुस्त झालं की ती डोक्यावर हात ठेवते, तो दिवस सोन्याचा जातो. म्हणूनच हे जास्त लागतं.

आईने विचारलं, "तुझं कार्ड दाखव की." मी गळ्यातलं दाखवलं. तिने उलटून पालटून बघितलं. "यावर नंबर कुठंय गं?"

अर्ज लिहून झालाय. दोन प्रती काढल्यात. उद्या एकीवर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.