चौथा लॉक

न्हावा शेवा बंदरात कंटेनर-यार्डातील क्रेन चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम मी करतो. सिम्युलेटरवर तयार झालेले उमेदवार शेवटच्या टप्प्यात अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष क्रेनवर बसतात. फेब्रुवारीतील त्या सकाळी केबिनमध्ये उरण तालुक्यातील एक मुलगी होती. नवी मुंबई आणि हे बंदर उभारताना ज्या गावांची शेते व मिठागरे संपादित झाली, त्यांपैकीच एक तिचे गाव. बंदर 1989 साली सुरू झाले. त्या गावांतील मुले-मुली क्रेनच्या केबिनपर्यंत पोहोचतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

द्राक्षांचा हंगाम असल्याने नाशिककडून येणाऱ्या वातानुकूलित कंटेनरांची रांग लागली होती. बंदराच्या आतच फिरणाऱ्या बहुतेक ट्रेलरांवर कंटेनर नुसता ठेवलेला असतो, कडेच्या लोखंडी पट्ट्या त्याला जागेवर धरतात. त्यामुळे तो सरळ उचलता येतो. रस्त्याने येणाऱ्या ट्रेलरवर मात्र चारही कोपरे ट्विस्टलॉकने, म्हणजे फिरवून बसवायच्या लॉकने, जखडलेले असतात आणि उचलण्यापूर्वी ड्रायव्हरने खाली उतरून ते हाताने सोडवायचे असतात. दिवसभर आतलीच वाहने हाताळणाऱ्या चालकाला हा फरक नजरेआड होण्याचा धोका मोठा असतो. एक लॉक जरी अडकला, तरी कंटेनरसोबत ट्रेलर वर खेचला जातो आणि कधी कधी ड्रायव्हर केबिनमध्येच बसलेला असतो.

मी खाली सुरक्षित अंतरावर उभा होतो. स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी क्रेनची चौकट, कंटेनरवर बसला, त्याचे लॉक फिरले आणि भार हळूहळू दोरांवर आला. कंटेनर जेमतेम वीतभर उचलला गेला असेल, तोच क्रेन थांबली. तीन कोपऱ्यांशी फट पडली होती, मागच्या उजव्या कोपऱ्याशी नव्हती आणि त्या बाजूची चाके जमीन सोडू पाहत होती. रेडिओवर यार्डातून विचारणा झाली की काम का थांबले, मागे गाड्या खोळंबल्या आहेत. तिने शांतपणे उत्तर दिले, "सर, मागचा एक लॉक सुटलेला नाही. मी खाली ठेवते आहे." शेजारच्या अनुभवी चालकाने तिला एका शब्दानेही घाई केली नाही, याचे श्रेय त्यालाही द्यायला हवे.

कंटेनर पुन्हा ट्रेलरवर टेकला. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर खाली उतरला. लॉकच्या खाचेत चिखल वाळून घट्ट बसला होता आणि दांडा अर्ध्यावरच अडकला होता. हातोडीचे दोन-चार घाव घातल्यावर तो फिरला. नंतर ती मुलगी भेटली तेव्हा तो म्हणाला, "ताई, तीन सुटले होते, चौथा हलेना. मागची रांग बघून वाटलं, उचलताना सुटेल."

या सगळ्याला काही मिनिटे लागली. ट्रेलर अधांतरी लटकला असता, तर यार्डाचा तो भाग कित्येक तास बंद राहिला असता, वीजजोडणीची वाट पाहणारा माल तापला असता आणि एका माणसाच्या जिवावर बेतले असते. चालकाचे मोजमाप आपण बहुधा तासाला किती कंटेनर हलवले यावरून करतो. ते आकडे लागतातच, कारण 2024-25 मध्ये या बंदराने 70 लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनर हे एकक धरून केलेली मोजणी) मालाची हाताळणी केली. तरीही वीतभर उचलून थांबणे, चारही कोपरे पाहणे आणि मगच पुढे जाणे या सवयीला गुणपत्रिकेत वेगळे गुण असायलाच हवेत, असे माझे ठाम मत आहे. आमच्या वर्गात प्रत्येक उमेदवाराला जुन्या ट्रेलरचा लॉक स्वतःच्या हाताने फिरवावा लागतो. तो किती जड जातो हे हाताला ठाऊक असले की वरून काय पाहायचे ते आपोआप कळते.

त्या ड्रायव्हरला मात्र असे काही कोणी शिकवलेले नव्हते. तो बंदराचा नोकर नाही, टर्मिनलचाही नाही. त्यामुळे कोणाच्याच प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव येत नाही. गेटवर जाण्यापूर्वी हे ड्रायव्हर पार्किंगच्या जागेत कागदपत्रांसाठी बराच वेळ थांबतात. तिथेच अर्ध्या तासाचा वर्ग घ्यावा, लॉक साफ करण्याचे साहित्य ठेवावे आणि लॉक सुटत नसेल तर उचलण्याआधी कोणाला कळवायचे ते मराठी व हिंदीत लिहून लावावे, असा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात लेखी दिला. पहिला वर्ग घेण्याची तयारी त्या मुलीने स्वतःहून दाखवली आहे.