लिअर अपडेट ६: विदूषक नक्की जातो कुठे?

मंडळी, शेक्सपिअरचं "किंग लिअर" आम्ही घरात बसून दर रविवारी भूमिका वाटून मोठ्यानं वाचतोय, आणि मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तिसरा अंक दोन रविवारांत उरकतो आणि महिनाअखेर डोव्हर (पुढचे प्रवेश जिथे घडतात ते बंदर) गाठतो. ते विसरा. तीन रविवार झाले, आम्ही ३.६ मध्येच (तिसरा अंक, सहावा प्रवेश) बसलोय, आणि कारण काय, तर एक स्टूल.

टीम तीच आहे. शेजारचे काका लिअर (मुलींनी हाकललेला, वेडा होत चाललेला राजा), ऑफिसातली मैत्रीण केंट (त्याचा इमानी सरदार), भाची विदूषक आणि कॉर्डेलिया (धाकटी मुलगी) दोन्ही, नवरा उरेल ते (सध्या एडगर, जो वेड्या भिकाऱ्याच्या सोंगात लपलाय, त्यामुळे पंचा पांघरून बसतो आणि खूश असतो), आणि मी ग्लॉस्टर (एडगरचा बाप), प्रॉम्प्टर आणि चहा. तर भाचीनं झोकात ते स्टुलाचं वाक्य म्हटलं आणि काका थांबले. "हे कुठून वाचतेयस गं?" म्हटलं काका, समोरच आहे, लिअर मुलींवर खटला चालवतोय ना. काका म्हणाले, "माझ्याकडे कसला खटलाबिटला नाहीये." पुस्तक फिरवून दाखवलं. खरंच नव्हता. लाल तापलेल्या सळया घेऊन हजार जण तुटून पडू देत, हे लिअर म्हणतो ना, त्याच्या पुढच्या ओळीत थेट एडगर.

आता काकांची कॉपी मीच मागवलेली, सेकंडहँड, ऑनलाइन, "व्हेरी गुड कंडिशन" लिहिलेली, आली तेव्हा पुठ्ठा सेलोटेपवर तगलेला आणि पहिल्या अंकात कुणीतरी पेन्सिलनं प्रत्येक ओळीवर अर्थ लिहिलेले, दुसऱ्या अंकापासून एकदम कोरं (बिचाऱ्यानं तिथेच नाद सोडला असणार). त्यामुळे मी ठरवूनच टाकलं की पानं गेलीयत. विक्रेत्याला झणझणीत तक्रार टाइप केली, सेंड करणार इतक्यात नवरा म्हणाला पान नंबर तर बघ. नंबर सलग. मग मागे परिशिष्ट उघडलं, आणि अख्खा खटला तिथे, छोट्या टाइपात, निवांत पडलेला. तक्रार डिलीट केली. सेलोटेपबद्दल राग मात्र अजून आहे.

म्हणजे आम्ही क्यू आणि एफच्या खड्ड्यात पडलो. मला माहीत होतं की १६०८ चा क्वार्टो (क्यू, ह्या नाटकाची लहान आकाराची पहिली छापील प्रत) वेगळा आणि १६२३ चा फोलिओ (एफ, नाटकांचा मोठा एकत्रित ग्रंथ) वेगळा, क्वार्टोत सुमारे ३०० ओळी अशा की ज्या फोलिओत नाहीत आणि फोलिओत सुमारे १०० अशा की ज्या क्वार्टोत नाहीत, हे सगळं प्रस्तावनेत वाचून मान डोलावून पुढे गेलेले मी. पण प्रस्तावनेत वाचणं वेगळं आणि दोन माणसं एका टेबलावर दोन वेगळी नाटकं वाचतायत हे कानानं ऐकणं वेगळं. माझी प्रत मिसळलेली, म्हणजे दोन्हीतलं सगळं एकत्र शिजवलेली. काकांची फोलिओवाली, उरलेलं मागे परिशिष्टात टाकलेली.

इथे टूल्सबद्दल दोन शब्द, कारण आता मला मतं आलीयत. फोएक्सनं संपादित केलेली १९९७ ची आर्डन (टिपांसकटची अभ्यासू आवृत्ती) घ्या, मिसळलेलीच आहे पण ओळीच्या दोन्ही टोकांना बारीक क्यू नाहीतर एफ छापलेला असतो, डोळे फुटतात पण कुठली ओळ कुठून आली ते तिथल्या तिथे कळतं. फोल्जर ह्या शेक्सपिअर ग्रंथालयाचं फुकट ऑनलाइन आहे, तिथे कंसांवरून ओळखायचं, फोनवर मला ते कंस दिसतच नाहीत. १९८६ च्या ऑक्सफर्ड समग्रात दोन लिअर सरळ दोन नाटकं म्हणून वेगवेगळी छापली, तेव्हा लोकांना ते फार झालं असं वाटलं असेल, मला आज ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं. फक्त पुस्तक इतकं जड की मांडीवर ठेवून वाचलं तर पाय बधिर.

बरं, मूळ मुद्दा. विदूषक पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात येतो, ३.६ नंतर गायब. कुणी त्याचं नावही काढत नाही. मेला, पळाला, थंडीनं गारठला, काही नाही. इतकी वर्षं मी हे शेक्सपिअरचं विसरभोळेपण म्हणून सोडून दिलेलं. पण दोन प्रती शेजारी ठेवल्यावर रविवारी रात्री साडेअकराला जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली, आणि ह्यासाठीच हा अपडेट लिहितेय.

एफमध्ये लिअर झोपता झोपता म्हणतो की रात्रीचं जेवण आपण सकाळी करू. त्यावर विदूषक म्हणतो, "अँड आय'ल गो टू बेड ॲट नून." मग मी भर दुपारी झोपतो. संपलं, हे त्याचं शेवटचं वाक्य. आणि हे वाक्य फक्त एफमध्ये आहे!

क्यूमध्ये ते नाहीच. पण क्यूमध्ये त्यानंतर केंट विदूषकाला म्हणतो की चल, धन्याला उचलायला हात लाव, तू मागे राहायचं नाहीस. आणि हे फक्त क्यूमध्ये!!

म्हणजे बघा, क्यूमधला विदूषक काही न बोलता धन्याला उचलून बाहेर जातो, हाक मारून नेलेला. एफमधला विदूषक स्वतःच निरोप घेतो आणि त्याला कुणी बोलवतच नाही. दोन वेगळी माणसं आहेत ही. आणि माझ्या मिसळलेल्या प्रतीत काय होतं, तो "झोपतो" म्हणून निरोप घेतो आणि थोड्या ओळींनी हुकूम आला की निमूट खांदा द्यायला येतो. म्हणूनच भाची दर वेळी तिथे अडखळत होती, मी तिला तीन रविवार "अजून थकलेली वाट" म्हणून छळत होते आणि चूक तिची नव्हतीच, दोन एक्झिट एकावर एक छापलेत तर पोरगी करणार काय. तिला सॉरी म्हणून झालंय, आईस्क्रीमसकट.

(जाता जाता: "गो टू बेड ॲट नून" हे एका पिवळ्या रानफुलाचंही नाव आहे, दुपारी बाराला मिटतं म्हणून. जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतींच्या ग्रंथात आहे. म्हणजे आपल्या गुलबक्षीच्या बरोबर उलट, ती संध्याकाळी उमलते, हे दुपारीच दुकान बंद करतं. भर उमेदीत मिटणारं माणूस असं त्यात ऐकू यायला लागलं की मग ते वाक्य साध्या आवाजात म्हणवत नाही.)

आता स्टूल. क्यूमध्ये खटला आहे, त्यामुळे तिथे विदूषकाचं शेवटचं वाक्य स्टुलाचं ठरतं. लिअर रिकाम्या हवेत थोरल्या मुलीला, गॉनरिलला, उभी करतो, विदूषक विचारतो बाई तुमचं नाव गॉनरिल का, लिअर म्हणतो ती नाकारूच शकत नाही, आणि मग विदूषक, "क्राय यू मर्सी, आय टुक यू फॉर अ जॉइंट-स्टूल." जॉइंट-स्टूल म्हणजे सुतारानं लाकडात लाकूड खाचेत बसवून केलेलं स्टूल. आणि हे वाक्य त्या काळात तयार टोमणा होता, एखाद्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं की वर असं म्हणायचं, अय्या तुम्ही होय, मला वाटलं फर्निचरच.

हे टिपेत वाचून शून्य हसू आलेलं. मग काका म्हणाले ठेवा की खरंच एक स्टूल. स्वयंपाकघरातलं आणलं, ज्यावर चढून मी माळ्यावरचे डबे काढते ते, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असलेलं. काकांनी त्याच्याकडे बोट दाखवून "अरेन हर फर्स्ट" (आधी हिलाच उभी करा) म्हटलं, असे संतापले की स्टूल खरंच दोषी वाटायला लागलं. भाचीनं वाकून स्टुलाला नाव विचारलं, मग त्याच्या पायाखालच्या पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि एकदम हळू आवाजात ते वाक्य. टोमणाही तोच आणि खरंही तेच, कारण ते स्टूलच आहे! सगळ्या खोलीत राजाला हे सांगायची हिंमत फक्त ह्याच्यात आहे, तीही जोक म्हणूनच. आम्ही दोन सेकंद हसलो आणि मग कुणालाच हसवेना. सगळ्या प्रोजेक्टमधला आत्तापर्यंतचा सर्वांत भारी क्षण, रेकॉर्डिंग चालू नव्हतं, अर्थातच.

आठवडाभर मग मी विदूषकाचं पुढे काय होतं एवढ्याच तुकड्यासाठी जुनी नाटकं-सिनेमे उकरले. दिग्दर्शकांना हे भोक सहन होत नाही, कुणी ना कुणी ते बुजवतोच. १९८२ ला आरएससीमध्ये (रॉयल शेक्सपिअर कंपनी) मायकेल गॅम्बन लिअर आणि अँटनी शेर विदूषक होते, त्यात खटल्याच्या भरात लिअरच्याच हातून विदूषकाला सुरा लागतो. ट्रेव्हर नन यांच्या २००७ च्या प्रयोगात, इयन मॅकेलन लिअर, सैनिक विदूषकाला स्टेजवर फासावर लटकवतात. सॅम मेंडेस यांच्या २०१४ च्या नॅशनल थिएटरच्या प्रयोगात सायमन रसेल बील त्याला बाथटबमध्ये मारून मारून संपवतो, हा मी एनटी लाइव्हला (नॅशनल थिएटरची नाटकं सिनेमागृहात दाखवतात ते) मोठ्या पडद्यावर पाहिलेला आणि शेजारच्या बाईंचा पॉपकॉर्नचा हात तिथेच थांबलेला आठवतो. जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. पण मला आता वाटतं ती उत्तरं जरा जास्तच पक्की आहेत. स्टुलाला स्टूल म्हणणाऱ्याचं खून करून उत्तर द्यायचं तर मग त्या दुपारच्या झोपेचं काय?

उलट रशियन सिनेमा, कोझिंत्सेव्हचा, १९७१ चा. पास्तरनाकचं भाषांतर, शोस्ताकोविचचं संगीत. तिथे विदूषक मरतच नाही, शेवटी सगळी प्रेतं नेतात तेव्हा हा वाटेत बसून पावा वाजवतोय आणि नेणारे सैनिक त्याला बाजूला सारतात. कुरोसावाच्या "रान"मध्येही (लिअरवरचा जपानी सिनेमा, १९८५) विदूषक क्योआमी शेवटपर्यंत आहे. जिवंत ठेवलं तर जास्त वाईट वाटतं हे मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला मग एडगरचं काय, त्याला तर नाटकभर कपडेच नाहीत.

आणि सगळ्यात सोपा उपाय नाटककार नेहम टेटचा. १६८१ ला त्यानं लिअर दुरुस्त केलं, शेवट गोड केला, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावलं आणि विदूषक समूळ काढून टाकला. दीडशे वर्षं स्टेजवर हेच! १८३८ ला नट मॅक्रेडीनं विदूषक परत आणला तेव्हा तो रोल एका नटीला दिला, प्रिसिला हॉर्टनला. भाचीला हे सांगितल्यापासून तिची कॉलर ताठ आहे.

तिचा अजून एक मुद्दा आहे. पाचव्या अंकात लिअर मेलेल्या कॉर्डेलियाला घेऊन म्हणतो "अँड माय पुअर फूल इज हँग्ड" (माझ्या बिचाऱ्या वेड्याला फाशी दिलं), आणि दोन्ही रोल तिच्याकडेच, त्यामुळे ती म्हणते बघ मावशी, मीच गेले होते, मीच परत आले. आकर्षक आहे, पण शेक्सपिअरच्या वेळी विदूषक बहुतेक त्याच्या कंपनीतल्या विनोदी नटानं, रॉबर्ट आर्मिननं, केला असावा आणि कॉर्डेलिया एखाद्या पोरानं, त्यामुळे हे मूळ प्लॅनमध्ये होतं असं मला वाटत नाही. आणि तेव्हा "फूल" लाडानंही म्हणत. मराठीत हे समजवावं लागतच नाही, आपण नाही का म्हणत, "वेडी गं माझी ती." काकांना हे सांगितलं तर त्यांनी ती ओळ तिथल्या तिथे मराठीत म्हणून दाखवली आणि मग चष्मा पुसत बसले. (काका लागूंच्या "नटसम्राट"वर वाढलेले. विंदांच्या भाषांतराची, "राजा लिअर"ची कॉपी कुणाकडे असेल तर मला झेरॉक्स नको, फक्त एक संध्याकाळ द्या, ३.६ बघायचाय.)

तर प्लॅन. ठरवलं होतं की ह्या रविवारी ३.६ दोनदा वाचायचा, आधी क्यू, मग चहा, मग एफ, मिसळायचं नाही. मैत्रिणीला सांगितलं क्यूमध्ये विदूषकाला हाक मारायची, एफमध्ये त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की एफमध्ये स्टूल नकोच खोलीत. खटला नाही तर स्टूल कशाला. आणि क्यूमध्ये सगळे गेल्यावर स्टूल तसंच उरेल, मधोमध. म्हणजे विदूषक नेला आणि त्याचा जोक मागे राहिला. हे करायचंच, भाचीला अजून सांगितलं नाहीये.

एकच अडचण. क्यूमध्ये लिअरला खरोखर उचलून न्यायचंय, काका ८२ किलो, केंटला पाठदुखी आणि विदूषक दहावीत. चादरीवरून ओढायचा प्रयोग झाला, फरशीच्या खाचेत चादर अडकली आणि काका "ब्लो विंड्स" हे वादळातलं भाषण म्हणायला लागले, जे तर मागेच ३.२ मध्ये होऊन गेलंय. चाकांची ऑफिस खुर्ची लागेल, पाठ मागे झुकणारी. डोंबिवली ईस्टमध्ये कुणाकडे असेल तर सांगा, रविवारी पाचपर्यंत, आम्हीच येऊन नेऊ.