सीमेपर्यंतचं तिकीट

बाबांनी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी सातारा-मुंबई. त्यांना शेजारी बसवून गाडी चालवायची म्हणजे चेकर सोबत घेऊन फिरणं. गेल्या जुलैत आई-बाबांना घेऊन मी नीमहून स्पेनकडे निघालो, तेव्हा पहिली दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रस्ता बरा आहे." एवढं कौतुक मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्याही वाट्याला आलेलं नाही.

हा ए-9. फ्रान्सच्या दक्षिणेत ऑरांजला सुरू होतो आणि नीम, माँपेलिए, बेझिए, नार्बोन, पेर्पिन्याँ अशी शहरं जोडत, सुमारे 280 किलोमीटरवर स्पेनच्या सीमेला भिडतो. आत शिरताना मशीनमधून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना जितकं अंतर तितके पैसे. केशरी 't' लिहिलेल्या रांगेतून बॅजवाले न थांबता जातात, आपल्या फास्टॅगसारखंच. माझी गाडी भाड्याची, त्यामुळे तिकीट. ते बाबांनी मागून घेतलं. "तू रस्ता बघ, तिकीट माझ्याकडे."

शनिवार होता, आणि सुट्ट्यांचा. इथे गर्दीच्या दिवसांना आधीच रंग देतात: हिरवा, केशरी, लाल, काळा. आमचा लाल होता. माँपेलिएजवळ गाड्या रांगू लागल्या. टपावर गाद्या, सायकली, प्लास्टिकात गुंडाळलेल्या पेट्या लादलेल्या गाड्या शेजारून सरकत होत्या. "हे घर बदलतायत का गं सगळे?" आईनं स्वतःशीच विचारलं. ही मोरोक्कन कुटुंबं. फ्रान्स, बेल्जियममध्ये कामाला असलेली. अख्खा स्पेन ओलांडून अल्हेसिरासला बोट पकडायची आणि गावी जायचं. "म्हणजे चाकरमानी," आई म्हणाली. तिचं माहेर कणकवलीचं. तिला गणपतीच्या आधीचा मुंबई-गोवा रस्ता कोणी सांगायला नको.

ही वाट काही आजची नाही. इ. स. पू. 118च्या सुमारास रोमन लोकांनी इटलीहून स्पेनला जायला याच पट्ट्यातून व्हिया डोमितिया बांधली. नार्बोनच्या चौकात तिचा एक तुकडा उघडा ठेवलाय, चाकांनी झिजलेल्या दगडांसकट. बाबांना तो बघायचा होता, पण उशीर झाल्यामुळे मी थांबलो नाही. त्यांनी ते अजून विसरलेलं नाही.

नार्बोननंतर डावीकडे खाऱ्या पाण्याची तळी दिसू लागतात, नशीब असेल तर फ्लेमिंगोसुद्धा. आणि वारा सुरू होतो. त्रामोंतान म्हणतात त्याला. वायव्येकडून येतो आणि गाडीला खांदा मारतो. रस्त्याकडेचे लाल-पांढरे कापडी पट्टे आडवे ताठ झाले होते. "दोन्ही हात स्टिअरिंगवर," बाबा म्हणाले. ट्रक ओलांडून पुढे झालो की दणका बसायचा.

साल्सला हमरस्त्यावरच विश्रांतीथांबा आहे, तिथून पायवाटेनं किल्ल्याला जाता येतं. बाबांनी दार उघडलं. दार वाऱ्यानं हातातून हिसकावलं, आणि मांडीवरचं तिकीट गेलं. एकदा कुंपणाला चिकटलं. मी धावलो. पुन्हा उडालं, द्राक्षमळ्याकडे. आई गाडीतूनच ओरडली, "अहो, तिकीट!" जणू ते परत येणार होतं.

किल्ला मात्र पाहिला. लाल विटांचा, तोफगोळे लागू नयेत म्हणून अर्धा खंदकात बुडवलेला. 1497 मध्ये स्पेननं बांधायला घेतला, कारण तेव्हा सीमा इथे होती. 1659च्या तहानं ती दक्षिणेला डोंगरावर सरकली आणि एवढा थोरला किल्ला बिनकामाचा झाला. बाबांचं लक्ष नव्हतं. ते सारखे कुंपणाकडे बघत होते.

ल बुलूच्या टोलनाक्यावर मदतीचं बटण दाबलं. नियम साधा: तिकीट नाही, तर सगळ्यात लांबच्या ठिकाणाहून आलात असं धरून पैसे. भरले. बाबा गप्प. एसटीत विनातिकीट प्रवाशाला काय ऐकवतात, ते त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. थोड्या वेळानं त्यांनी पाकिटातून वीस युरोची नोट काढली. "पुढचा टोल मी देणार."

मग पिरेनीजचा घाट. चढ कधी आला, कळलंच नाही; ल पेर्तुसची खिंड जेमतेम 290 मीटर उंच. "हा घाट?" बाबा खंबाटकीच्या आवाजात म्हणाले. आईनं पासपोर्टांची पिशवी मांडीवर घेतली. विटांचा एक पिरॅमिड गेला, निळ्या पाटीवर ताऱ्यांच्या वर्तुळात 'एस्पान्या' लिहिलेलं गेलं, माझ्या फोनला मेसेज आला. पिशवीची चेन लावलेलीच राहिली.

पलीकडे तोच रस्ता एपी-7 होतो. तिथला टोल 1 सप्टेंबर 2021 पासून बंद आहे, हे मी बाबांना सांगितलं नाही. फिगेरसला आम्ही बाहेर पडलो, गोल चक्कर फिरून गावात शिरलो, गाडी लावली. नोट अजून मुठीतच होती.

"नाका कुठाय रे?"